ब्याऐंशी किलोमीटर, साडेतीनशे मीटर

"नकाशा म्हणजे आमचं रोजचंच की हो," असं मी म्हणालो तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि पोटात दोन बेसनाचे लाडू होते. पोट भरलं की मी थापा मारतो, असं आमच्या घरात एक मत आहे. मला ते मान्य नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका ओतकामाच्या फौंड्रीत पॅटर्न शॉपचा सुपरवायझर आहे आणि एकोणतीस वर्षं रोज ड्रॉइंग वाचतोय. ड्रॉइंग काय नि नकाशा काय, दोन्हीकडं रेघाच असतात, एवढाच माझा विचार होता. चूक झाली ती समोर कोण बसलंय हे न बघण्यात.

समोर जिनेंद्रआप्पा बसले होते. जिनेंद्रआप्पा म्हणजे श्रेयांसचे आजोबा, आणि श्रेयांस म्हणजे आमच्या ब्राह्मीसाठी बघितलेला मुलगा. बघितला तिनंच होता. दोघं एकाच कॉलेजात शिकवतात, त्यांचं आधीच ठरलं होतं, आणि आम्ही मोठी माणसं आपणच ठरवतोय असा चेहरा करून लाडू खात होतो. श्रेयांसला आईवडील आहेत, चांगले आहेत, पण त्या घरात बोलायचं काम आप्पांकडं. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, आणि भूमापन खात्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त. हे शेवटचं मला लाडवाच्या आधी कुणी सांगायला पाहिजे होतं.

आप्पांनी कप खाली ठेवला. "बरं झालं. आजकाल नकाशा वाचणारा माणूस भेटतोय कुठं? असं करूया, मगदूम. साखरपुडा तुमच्या निपाणीकडच्या मळ्यात करू. टिळकवाडीतल्या आमच्या फाटकापासून तुमच्या मळ्याच्या दारापर्यंत नकाशा तुम्ही काढून द्या. आम्ही त्याच्यावरच येतो."

"आप्पा, मी लोकेशन पाठवते की," ब्राह्मी म्हणाली.

श्रेयांसनं पटकन फरशीकडं बघायला सुरुवात केली. आप्पा म्हणाले, "पोरी, त्यात ती बाई बोलती आणि माणूस वळतो. त्यात नकाशा वाचला कुणी? आणि मगदूम, एक लक्षात ठेवा. नकाशात झाड लिहू नका, झाड पडतं. टपरी लिहू नका, टपरी उठती. अंतर लिहा, दिशा लिहा. बाकी सगळं नाशवंत."

मी मान डोलावली. मला तेव्हा फक्त टपरी, झाड आणि नागोबाचा कट्टा एवढ्याच खुणांनी आमचा मळा सापडतो, हे मी बोललो नाही.

तिकडं स्वयंपाकघरात श्रेयांसची आई माझ्या बायकोला, जयाला, दुसरंच काही सांगत होती. श्रेयांसची आजी गुणाक्का. दिवस मावळला की जेवण सोडाच, पाण्याचा थेंब घेत नाहीत. आम्ही पण जैनच, सूर्यास्ताच्या आतच जेवतो, पण कधी गाडी चुकली, लग्नात उशीर झाला, तर आमचं थोडं इकडंतिकडं होतं. गुणाक्कांचं साठ वर्षांत झालेलं नाही, आणि आता वर शुगर. मागं त्यांच्या एका नातीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी उशीर लावला, गुणाक्का उपाशी परतल्या, रात्री चक्कर येऊन पडल्या, आणि आप्पांनी ती सोयरीक तिथंच मोडली. "तेवढं सांभाळा," श्रेयांसची आई म्हणाली. जयानं घरी येईपर्यंत मला हे चार वेळा सांगितलं, आणि रिक्षातनं उतरल्यावर पाचव्यांदा.

साखरपुड्याला तीन आठवडे होते. तीन आठवड्यांत मला नकाशा शिकायचा होता.

आमच्या शेजारी मष्णू राहतो. मूळचा खानापूरकडचा, तीस वर्षं बस चालवून आता घरी बसलेला. मला अंगणात भूगोलाचं शाळेतलं पुस्तक उघडून बसलेला बघून तो कुंपणावरनं वाकला.

"काय करूलालास रं बाळगोंडा?"

मी सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, कारण बसमध्ये त्याला शांतपणे ऐकायची सवय लागली आहे.

"तुझ्या मळ्याची वाट तुला ठावं हाय?"

"हाय की."

"मग त्यांच्या गाडीत पुढं तू बस. न्हायतर मी बसतो. डावं, उजवं, थांब. संपलं."

उपाय इतका सोपा होता की मला त्याचा रागच आला. माझी अब्रू नकाशात अडकली होती, वाटेत नव्हती, हे या माणसाला कसं समजावून सांगणार? मी म्हणालो, "मष्णू, विषय शास्त्राचा हाय." तो म्हणाला, "व्हय व्हय," आणि चहा कधी होणार ते विचारलं.

शास्त्राला आधी नकाशा पाहिजे. कुणीतरी सांगितलं की एका कचेरीत सरकारी मोठे नकाशे मिळतात, ज्यात विहिरीसुद्धा दाखवलेल्या असतात. कचेरीचं नाव मी घेत नाही, कारण मला तिथं परत जावं लागू शकतं. पहिल्या दिवशी साहेब रजेवर होते. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या क्लार्कनं चष्म्यावरनं बघत काय पाहिजे ते कन्नडात विचारलं.

"एनु बेकु री?"

"मॅप बेकागित्तु री," मी म्हणालो. निपाणीकडच्या माणसाला कन्नड येतं, त्याचा असा उपयोग होतो.

त्यानं एक फॉर्म दिला. सहावा रकाना: नकाशा कशासाठी हवा. मी प्रामाणिकपणे लिहिलं, साखरपुडा. त्यानं एक यादी काढून माझ्यापुढं धरली. शेती, रस्ता, धरण, शिक्षण, वन. साखरपुडा त्यात नव्हता. मी खोडून शिक्षण लिहिलं, आणि पुढं तेच खरं ठरलं.

सातवा रकाना असा होता: ज्या भागाचा नकाशा हवा आहे, त्या भागाचा नकाशा सोबत जोडावा.

मी तो दोनदा वाचला. म्हणालो, "साहेब, माझ्याकडं नकाशा असता तर मी नकाशा मागायला कशाला आलो असतो?"

"आणि नसला तर आम्हाला कसं कळणार, तुम्हाला कुठला पायजे?"

मी आजही कधी कधी आंघोळ करताना त्यावर विचार करतो. शेवटी नागोजी नावाचा शिपाई मदतीला आला. त्यानं मला बाकावर बसवलं, कानावरची पेन्सिल दिली आणि म्हणाला, "इथंच काढा की. समदे तसंच करत्यात." मी पाच मिनिटांत कागदाच्या पाठीवर काढलं. टिळकवाडीचं फाटक, हायवे, निपाणी, टपरी, वडाचं झाड, नागोबाचा कट्टा, आमचा मळा. क्लार्कनं ते उलटसुलट करून बघितलं.

"भाळ छलो ऐत्री, फार छान आहे की," तो म्हणाला. "यावरनं तर सरळ जाता येतंय की. मग दुसरा कशाला?"

आणि माझ्या आयुष्यातला तो एकमेव बरोबर नकाशा त्यानं शिक्का मारून फायलीत लावून टाकला.

नकाशे मिळाले ते चार. कारण आमचा मळा बरोबर जिथं चार नकाशांचे कोपरे एकत्र येतात तिथं आहे. आमच्या घराण्याला मधोमध सापडायची सवयच आहे. मी चारही कागद डायनिंग टेबलावर चिकटपट्टीनं जोडले. पुस्तकात लिहिलं होतं, नकाशा उत्तरेकडं तोंड करून ठेवावा. म्हणून टेबल तिरकं फिरवलं. त्यामुळं फ्रिजचं दार अर्धंच उघडायला लागलं, आणि पुढचे पंधरा दिवस जया दुधाची पिशवी आडवी करून काढायची आणि काढताना उत्तर दिशेबद्दल काहीबाही बोलायची.

रविवारी मी नि मष्णू स्कूटरवरनं प्रात्यक्षिकाला निघालो. नकाशावर तपकिरी रेघा पुष्कळ होत्या. गावाबाहेरच्या एका टेकडीभोवती तर एक सुंदर, गुळगुळीत, गोल तपकिरी रस्ता होता आणि त्यावर आठशे असा आकडा होता. कोपऱ्यात खुणांची चौकट होती, पण ती मी वाचली नव्हती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकट आमच्याकडं ऑफिसची माणसं वाचतात. आम्ही त्या रस्त्याला लागलो. रस्ता काही दिसत नव्हता, गवत होतं, दगड होते, पण नकाशावर तो स्पष्ट होता म्हणून मी स्कूटर रेटत राहिलो. पाऊण तासानं एका मेंढपाळाजवळनं गेलो. आणखी पाऊण तासानं तोच मेंढपाळ परत आला.

"काय हरवलंय काय?" त्यानं विचारलं.

"आठशे नंबरचा रस्ता शोधतोय," मी म्हणालो. त्यानं मेंढरं जरा लांब नेली.

मष्णू उतरून दगडावर बसला. "बाळगोंडा, तीस वर्षांत मला असली रूट मिळाली न्हाय. चढ न्हाय, उतार न्हाय, आणि शेवटी जिथनं निघाला तिथंच. डिझेल लई वाचलं असतं."

संध्याकाळी ब्राह्मीला हे सांगितलं तर ती खुर्चीत आडवी पडून हसली. "पप्पा, ती समोच्च रेषा हाय. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी. आठशे मीटर उंची. मष्णूकाकांनी बरोबर व्याख्या सांगितली." मला हे आवडलं नाही. एकोणतीस वर्षं ड्रॉइंग वाचणारा मी, आणि व्याख्या मष्णूची.

मग मात्र मी खुणांची चौकट पाठ केली. लाल रेघ पक्की सडक. तुटक रेघ गाडीवाट. निळा ठिपका विहीर. हळूहळू माझं मन त्यात रमलं. नकाशावर आमची ओढ्याकडची बांधावरची वाट सापडली, ज्या वाटेनं मी शाळेला जायचो, तेव्हा माझे डोळे भरून आले. जयानं विचारलं काय झालं, तर मी म्हणालो चिकटपट्टीचा वास लागला.

शेवटचं काम अंतराचं. स्कूटरचा काटा कित्येक वर्षांपासून एकाच आकड्यावर बसलाय, आणि आप्पांना नकाशावरचंच माप पाहिजे होतं. मी जयाच्या शिलाईच्या डब्यातला लाल दोरा घेतला, टिळकवाडीच्या फाटकापासून वळणावळणानं मळ्यापर्यंत टाचण्या टोचत नेला, मग सरळ करून पट्टीनं मोजला.

पट्टी आमच्या घरात एकच. आठ वर्षांपूर्वी नोकरीला एकवीस वर्षं झाली म्हणून कारखान्यानं माझा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला आणि मी रोज वापरायचो ती माझी पॅटर्न शॉपमधली पोलादी पट्टी आठवण म्हणून दिली. त्या पट्टीवर माझा जीव आहे. घरातली सगळी मापं मी तिनंच घेतो. आता आमच्या घरात वस्तू थोड्या अपुऱ्या पडतात, ही गोष्ट वेगळी. पडदे जमिनीपासून दोन-तीन बोटं वर राहतात. गादी पलंगाला पुरत नाही. कपाटातली फळी तर बसवल्या दिवशीच तुपाच्या बरणीसकट खाली आली. ही सगळी कृपा रवळू सुताराची आणि त्या पडदेवाल्याची. माप मी चोख लिहून देतो, ही माणसं मापात चोरी करतात. रवळूशी तर मी आठ वर्षं बोलत नाही. तो समोरनं आला तर मी दुकानाच्या पाट्या वाचत जातो.

असो. दोरा भरला त्याप्रमाणे अंतर आलं ब्याऐंशी किलोमीटर, साडेतीनशे मीटर. शेवटचं डावं वळण एक्क्याऐंशी किलोमीटर चारशे मीटरवर. तिथनं एक किलोमीटरला जरा कमी, उजव्या हाताला घर. मी ड्रॉइंग पेपरवर काळ्या शाईनं नकाशा काढला, उत्तर दिशेचा बाण काढला, झाड एकही काढलं नाही. आप्पांनी तो दहा मिनिटं बघितला आणि म्हणाले, "मगदूम, हे काम आहे." त्या दिवशी मी घरी चालत आलो, रिक्षात बसावंसं वाटेना.

जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की साखरपुड्याच्या दिवशी गाडीत सगळ्यांचे फोन एका पिशवीत बंद राहतील, आणि रस्ता कुणालाही विचारला जाणार नाही. कारण रस्ता विचारणं म्हणजे नकाशाचा अपमान.

साखरपुडा डिसेंबरात. आम्ही आदल्या दिवशीच मळ्यात गेलो, मष्णू स्कूटर घेऊन आला. पंचांगात सूर्यास्त सहा वाजून चार मिनिटांनी. पाहुणे चारला येणार, साडेचारला विधी, पाचला पंगत, असं बसवलेलं. पोळ्या झाल्या, आमटी झाली, दोडक्याची भाजी झाली, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, पाणी दोनदा गाळलेलं. चार वाजले. सव्वाचार वाजले. साडेचारला ब्राह्मी फाटकात जाऊन उभी राहिली. तिनं श्रेयांसला फोन लावला, तो पिशवीत वाजत असणार. पावणेपाचला ती परत आली आणि माझ्याशी काही न बोलता ओट्यावर बसली. नवी साडी, हातात मेंदी, आणि ती नखांनी मेंदीची पापुद्री काढत होती. लहानपणी ताप आला की ती अशीच गप्प बसायची. मला त्या क्षणी नकाशा, अब्रू, आप्पा, कशाचंच काही वाटेना. माझ्या पोरीचं मोडतंय आणि ते माझ्या तोंडामुळं मोडतंय, एवढंच कळत होतं.

जया मात्र हात चालू ठेवणारी बाई. ती दारावर तोरण बांधत होती. बेळगावातनं बनवून आणलेलं मण्यांचं तोरण, माप अर्थात मी दिलेलं. तिनं एक टोक खिळ्याला अडकवलं, दुसरं ओढलं, आणि ते पोचलं नाही. दोन बोटं कमी.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या मापाचं ह्या घरात आजपर्यंत कायबी पुरलं न्हाय बघा."

मी तोरणाकडं बघितलं. मग पडद्यांकडं बघितलं. मग पिशवीतली पोलादी पट्टी हातात घेतली.

लोखंड वितळवून साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं. पोलादाचं बोलायचं तर शंभराला दोन. म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं साचा घेतात तो नमुना, मुळातच तेवढा मोठा करावा लागतो, आणि कारागिरानं दरवेळी गणित करत बसू नये म्हणून पॅटर्न शॉपमधल्या पट्टीवरच्या खुणाच दोन टक्के लांब मारलेल्या असतात. हे मला माहीत नव्हतं का? मी नव्या कारागिरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. पण ती पट्टी इतकी वर्षं माझ्या हातात, तिचा सेंटिमीटर तोच माझा सेंटिमीटर झालेला. घरात, पडद्याला, फळीला, तोरणाला, सगळ्याला मी ओतीव पोलाद समजून मापत होतो आणि शंभराला दोन कमी लिहीत होतो. आणि नकाशाला पण.

"मष्णू," मी हाक मारली, "ते चुकलेले न्हाईत. माझ्या नकाशाप्रमाणं बरोबर पोचलेत."

"कुठं?"

मी सोबत आणलेले चिकटपट्टीचे चार नकाशे ओट्यावर पसरले. उत्तर दिशा बघायला वेळ नव्हता. आपलं वळण त्र्याऐंशीवर, मी लिहिलं एक्क्याऐंशी चारशे. म्हणजे सोळाशे मीटर अलीकडं ते डावीकडं वळले असणार. मी बोट मागं सरकवलं. सोळाशे मीटर अलीकडं सडकेवरनं डावीकडं एक तुटक रेघ जात होती. गाडीवाट. तिच्या टोकाला उजव्या हाताला निळा ठिपका. विहीर.

आयुष्यात पहिल्यांदा मी नकाशा वाचला, तो असा.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. जयानं दोन मोठे डबे भरले, मी गाळलेल्या पाण्याची कळशी मांडीवर घेऊन मष्णूच्या मागं बसलो. "बाकीच्यांना चुलतभावाच्या ट्रॅक्टरातनं आण," असं तिला ओरडून सांगितलं आणि आम्ही सुटलो. मष्णूनं स्कूटर बससारखी चालवली, म्हणजे खड्डे त्याला लागले नाहीत, मला लागले.

सोळाशे मीटरवर खरंच गाडीवाट होती. दोन्ही बाजूंनी ऊस. वाटेच्या टोकाशी आप्पांची क्रूझर, आणि तिच्या मागं उसानं भरलेली एक ट्रॉली आडवी रुतलेली, त्यामुळं गाडीला मागंही येता येईना. पुढं विहीर आणि विहिरीला लागून पाण्याच्या मोटारीची पत्र्याची खोली. दहा बाय आठची असेल.

त्या खोलीच्या उंबऱ्यावर तांदळाचं स्वस्तिक काढलेलं होतं. पाहुणे मंडळी नवे कपडे घालून हौदाच्या कठड्यावर ओळीनं बसली होती. श्रेयांस साखरपुड्याच्या कोटात पाण्याच्या पाइपवर बसला होता आणि मला बघून त्याचा चेहरा इतका उजळला की मला तो तेव्हाच जावई म्हणून पटला. आप्पांच्या मांडीवर माझा नकाशा. त्यांनी घड्याळ बघितलं.

"मगदूम, आम्ही चारला वीस मिनिटं असताना पोचलो. पाहुण्यांना बोलवायचं आणि यजमानानं पावणेदोन तास उशीर करायचा, ही कुठली रीत?"

मी कळशी खाली ठेवली.

"घर साधं आहे," आप्पा पुढं म्हणाले. "मला आवडलं. दिखावा नाही. फक्त आमच्या बायकांना स्वयंपाकघर सापडलं नाही."

आतनं गुणाक्कांचा आवाज आला, "आणि ह्या मोटारीचा कसला गं वास येतोय, सुनबाई." त्या खताच्या पोत्यांच्या घडीवर, स्टार्टरच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज बारीक झाला होता.

मष्णू माझ्या कानात म्हणाला, "घर आपलंच म्हण. संपलं." मला सांगायला लाज वाटते, पण मी तसं म्हणणार होतो. आधी डबा उघडला. गुणाक्कांच्या पुढं केळीचं पान मांडलं, पोळी वाढली, आमटी वाढली. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर आला होता. गुणाक्का सावकाश जेवत होत्या आणि आम्ही सगळे, अकरा पाहुणे, मी, मष्णू, मागनं ट्रॅक्टरातनं आलेली जया आणि ब्राह्मी, त्यांच्या प्रत्येक घासाकडं आणि मग सूर्याकडं बघत होतो. सहाला पाच कमी असताना त्यांनी चूळ भरली, पोटावर हात ठेवला आणि ब्राह्मीला जवळ बोलावलं. "आमटीत गूळ जरा जास्त हाय," त्या म्हणाल्या, "पण चालतंय." मग बाकीच्यांनी उभ्यानंच दोन दोन पोळ्या खाल्ल्या.

आणि तेवढ्यात बांधावरनं एक म्हातारी आली, डोक्यावर पदर, हातात बॅटरी. मालुबाई तिचं नाव, हे नंतर कळलं.

"कोण वो तुम्ही? माझ्या मोटारीच्या खोलीत लगीन कुणाचं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आप्पांनी पण. मी ब्राह्मीकडं बघितलं, आणि मग मला थाप मारायला जमलं नाही.

"आप्पा, हे माझं घर न्हाय," मी म्हणालो. "माझं घर इथनं पुढं दीड किलोमीटरवर हाय. त्याला स्वयंपाकघर हाय. मला नकाशा वाचता येत नव्हता. येतो म्हणून सांगितलं, ती थाप होती. तीन आठवड्यांत शिकलो, आणि मापलं ते ह्या पट्टीनं. ही फौंड्रीची हाय. शंभराला दोन कमी दाखवती. पोरीचा ह्यात कायबी दोष न्हाय."

मी कमरेला खोचलेली पट्टी त्यांच्या हातात दिली. आप्पांनी खिशातनं स्वतःची जुनी पितळी पट्टी काढली, दोन्ही शेजारी लावल्या, चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. नकाशा बघितला. ओठ हलवत काहीतरी गुणाकार केला.

"छत्तीस वर्षं मी बांध मोजले, मगदूम," ते म्हणाले. "दर भांडणात दोन माणसं असायची आणि दोघंही म्हणायची, सर्व्हेअरचा नकाशा खोटा. स्वतःची पट्टी खोटी म्हणणारा माणूस मला आज भेटला." त्यांनी पट्टी परत दिली. "आणि चुकलात, पण पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत एकसारखं चुकलात. असा माणूस भरवशाचा. आणा अंगठी."

साखरपुडा तिथंच झाला. कारण ट्रॉली रुतलेलीच होती. मालुबाईनं ब्राह्मीला कुंकू लावलं आणि म्हणाली, "पोरी, सुखी ऱ्हा. पण करंट आत्ता येतोय, मला मोटार लावाया पायजे." तिनं स्टार्टर दाबला. त्यामुळं अंगठी घालताना आप्पांनी काय आशीर्वाद दिला हे कुणालाच ऐकू आलं नाही. श्रेयांस म्हणतो, चांगलाच दिला असणार, कारण आप्पा हसत होते.

लग्नाच्या पत्रिकेवर नकाशा छापायचा हा आप्पांचा हट्ट. तो मीच काढायचा, त्याच पट्टीनं काढायचा, हाही त्यांचाच हट्ट. ब्राह्मीनं शेजारी लोकेशनची चौकट छापून घेतली, तिकडं आप्पांनी दुर्लक्ष केलं. नकाशाखाली त्यांनी स्वतः मजकूर घातला: या नकाशावरील सर्व मापे वधूपित्याची असून ती शंभराला दोनने कमी आहेत, वाचकांनी मिळवून घ्यावीत.

पहिली पत्रिका बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, देवापुढं ठेवली. दुसरी घेऊन मी रवळू सुताराच्या दुकानात गेलो. आठ वर्षांनी गेलो. तो रंधा मारत होता. मी काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, तिथं गेल्यावर नुसती पत्रिका पुढं केली. त्यानं हात पुसले, ती नीट वाचली, नकाशाखालच्या मजकुराशी थांबला, तो परत वाचला. मग माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं बराच वेळ बघत राहिला.

"फळी मी दोन बोटं लांबच आणलती," तो म्हणाला. "तुम्हीच उभं राहून कापून घेतलासा."

"व्हय," मी म्हणालो. "चूक माझी, रवळू. लग्नाला ये."

"येतो. पण अजून एक पत्रिका द्या."

"कुणाला?"

"दुकानात लावाया."

परवा लग्नाचे चौरंग न्यायला गेलो तेव्हा बघितलं, त्यानं ती सागवानी चौकटीत घालून बरोबर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर टांगलीय. चौकट पत्रिकेला चारी बाजूंनी अगदी नेमकी बसलीय. माप त्यानं स्वतःच घेतलं असणार.